चिवट स्पॅम पाठवणाऱ्यांना मेल सर्व्हरवर कसं अडवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि विचारणारा बहुतेक वेळा आधीच वैतागलेला असतो. उत्तरांतली सेटिंगं मुख्यतः पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत. एक्झिम किंवा दुसरा सर्व्हर असेल तर नावं बदलतील, युक्ती तीच राहील.

१. रोज त्याच पत्त्यावरून मेल येते. तो पत्ता ब्लॉक केला तरी येतच राहते. असं का?

तुम्हाला दिसतो तो पत्ता आणि सर्व्हर तपासतो तो पत्ता वेगळे असतात. टपालात लिफाफ्यावर एक पत्ता असतो आणि आतल्या चिठ्ठीखाली सही असते, तसंच हे. दोन सर्व्हरांच्या एसएमटीपी (मेल पाठवण्याची ठरलेली भाषा) संभाषणात ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेबरोबर येतो तो लिफाफ्यावरचा पत्ता. मेल उघडल्यावर ‘फ्रॉम’समोर दिसतो तो चिठ्ठीतला. दोन्ही जुळलेच पाहिजेत असं १९८२ च्या मूळ एसएमटीपीत नव्हतं आणि आजही नाही. पोस्टफिक्सची सेंडर अ‍ॅक्सेस यादी फक्त लिफाफा बघते. आलेल्या मेलचे पूर्ण हेडर उघडा, लिफाफ्यावरचा पत्ता ‘रिटर्न-पाथ’समोर सापडेल.

तो पत्ताही रोज बदलत असेल तर नवल नाही. घाऊक मेल पाठवणारी सॉफ्टवेअरं प्रत्येक मेलसाठी नवा पत्ता बनवतात आणि त्यात घेणाऱ्याचा क्रमांक गुंफतात, म्हणजे मेल परत आली तर कोणाची ते कळतं. अशा वेळी पूर्ण पत्ता यादीत घालून उपयोग नाही, ‘अ‍ॅट’नंतरचं डोमेन घाला.

२. यादीत डोमेन घातलं, सर्व्हर रीस्टार्टही केला. तरी काही फरक नाही.

तीन गोष्टी तपासा. यादी हॅश प्रकारची असेल तर प्रत्येक बदलानंतर पोस्टमॅप ही यादीची शोधता येणारी फाइल बनवणारी आज्ञा चालवावी लागते. नुसती मजकूर फाइल बदलून भागत नाही. सीआयडीआर (आयपींचे पट्टे) किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुराचे नमुने) याद्यांना पोस्टमॅप लागत नाही, पण रीलोड लागतो.

दुसरं, डोमेनच्या आधी टिंब दिलंय का? पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टिंबाशिवाय लिहिलेलं डोमेन स्वतःला आणि आपल्या उपडोमेनांनाही लागू होतं. टिंब देऊन लिहिलेली ओळ त्या सेटिंगमध्ये जुळतच नाही.

तिसरं आणि सगळ्यात जास्त सापडणारं: नियमांचा क्रम. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला स्पष्ट निकाल लागला की त्या यादीपुरतं वाचन थांबतं. तुमच्या ब्लॉकच्या आधी ‘परवानगी’ देणारी ओळ असेल तर ब्लॉकपर्यंत कोणी पोचतच नाही.

३. मग नेमकं काय ब्लॉक करायचं? पत्ता, डोमेन की आयपी?

माझा नियम एकच आहे: पाठवणाऱ्याला जे बदलायला सगळ्यात महाग पडतं ते अडवायचं. फ्रॉममधलं नाव बदलायला काहीच लागत नाही. लिफाफ्यावरचा पत्ताही फुकट. नवं डोमेन घ्यायला थोडे पैसे आणि थोडा वेळ जातो. चांगल्या नावाची आयपी मिळवणं त्याहून अवघड. आणि मेलमधली लिंक जिथे नेते ते दुकान बदलणं बहुतेकांना सगळ्यात जड जातं, कारण पैसे तिथेच मिळतात.

म्हणून एका मेलवरून निर्णय घेऊ नका. त्याच पाठवणाऱ्याच्या पाच-दहा मेल शेजारी ठेवा आणि काय बदलत नाही ते शोधा. तुमच्याच सर्व्हरने लिहिलेली ‘रिसीव्ह्ड’ ओळ तेवढी खरी धरा. तिच्या खालच्या ओळी पाठवणाऱ्याने रचलेल्या असू शकतात. त्या ओळीत जोडणी करणारी आयपी, तिचं उलट नाव म्हणजे पीटीआर, आणि हेलो म्हणताना सांगितलेलं नाव मिळतं. मग डीकेआयएम या पाठवणाऱ्या डोमेनच्या डिजिटल सहीतलं डोमेन आणि मजकुरातल्या लिंकांची डोमेनं बघा. दहा मेलमध्ये दहा पत्ते आणि चार आयपी असतील, पण लिंकचं डोमेन एकच निघालं, तर धागा हाताला लागला. पोस्टफिक्सच्या यादीला लिंक दिसत नाही. ते काम मजकूर तपासून गुण देणाऱ्या फिल्टरचं, आरस्पॅमडी हा फिल्टर असेल तर त्यातल्या मल्टिमॅप या यादी-तपासणीचं (प्रश्न १० पाहा).

४. स्पॅम नाकारावा, परत पाठवावा की गुपचूप फेकून द्यावा?

नाकारा, तेही जोडणी चालू असतानाच, ५५० किंवा ५५४ हा कायमच्या नकाराचा आकडा सांगून. नाकारणं आणि परत पाठवणं यांत लोक गल्लत करतात, म्हणून नीट सांगतो.

नाकारता तेव्हा तुमचा सर्व्हर मेल ताब्यातच घेत नाही. समोरचा सर्व्हर खरा असेल तर तो आपल्या माणसाला कळवतो. समोर स्पॅम पाठवणारं यंत्र असेल तर विषय तिथेच संपतो. परत पाठवता तेव्हा मात्र आधी ‘२५०, मिळाली’ असं सांगून मेल घेता आणि नंतर लिफाफ्यावरच्या पत्त्याकडे नवी मेल धाडता. स्पॅममध्ये तो पत्ता बहुधा तिसऱ्याच निरपराध माणसाचा असतो. आता त्याच्या दृष्टीने स्पॅम तुम्ही पाठवताय, आणि तुमचीच आयपी काळ्या यादीत जाऊ शकते.

गुपचूप फेकणं मला सगळ्यात जास्त खटकतं. खरी मेल चुकून त्यात गेली तर पाठवणाऱ्याला वाटतं पोचली, घेणाऱ्याला वाटतं आलीच नाही, आणि चूक झाल्याचं कोणालाच कळत नाही. ज्यात व्हायरस असल्याची खात्री आहे अशी मेल सोडली तर हा पर्याय वापरू नका.

नाकारताना कारण लिहा. ‘प्रवेश नाकारला’ एवढ्यावर थांबू नका. संपर्कासाठी दूरध्वनी किंवा ब्लॉक न होणारा एखादा पत्ता त्या ओळीत द्या. अडकलेल्या खऱ्या माणसाला तुमच्याकडून मिळणारा निरोप तेवढाच असतो.

५. एवढं करण्यापेक्षा फायरवॉलवरच आयपी बंद केली तर?

पासवर्ड ओळखत बसणाऱ्या यंत्रांसाठी जरूर करा. लॉग वाचून आयपी बंद करणारं फेलटूबॅन त्यासाठीच आहे. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटं बंदी बसते. चिवट यंत्रांसाठी ही मुदत फारच थोडी आहे, ती वाढवा.

मेल पाठवणाऱ्यांसाठी मात्र फायरवॉल आंधळी आहे. कोणत्या पत्त्यावरून कोणाला मेल येत होती हे लॉगमध्ये उरत नाही. समोर खरा सर्व्हर असेल तर त्याला नकार मिळत नाही, नुसती शांतता मिळते. तो मेल रांगेत ठेवून चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो आणि पाठवणाऱ्या माणसाला अपयश कळायला तितकाच उशीर होतो. ५५० मिळालं असतं तर मिनिटाभरात कळलं असतं. अपवाद स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या ड्रॉप यादीचा. बळकावलेली आणि पूर्णपणे गुन्हेगारांच्या हातात असलेली नेटवर्कं तिच्यात असतात, ती फायरवॉलवर अडवायला हरकत नाही.

६. आयपी सारखी बदलते. सगळी रेंजच बंद करू का?

आधी ती रेंज कोणाची ते बघा. समजा स्पॅम २०३.०.११३.५, मग .१९, मग .७७ वरून आला. हूइज (आयपीच्या मालकाची नोंद) आणि पीटीआर पाहून त्या २५६ पत्त्यांच्या पट्ट्यात सगळीकडे एकाच छापाची अर्थहीन नावं दिसली, तर ती मुद्दाम पसरून ठेवलेली यंत्रणा असते. प्रत्येक आयपीवरून थोडी थोडी मेल सोडायची, म्हणजे कुठलीच नजरेत भरत नाही. अशी २४ ची (२५६ पत्त्यांची) पूर्ण रेंज बंद करणं योग्य.

त्याच पट्ट्यात वेगवेगळ्या लोकांची खरी डोमेनं दिसली तर थांबा. एकदा रागाच्या भरात मी एका होस्टिंग कंपनीची १६ ची रेंज, म्हणजे ६५,५३६ पत्ते, एका ओळीत बंद केले. स्पॅम थांबला आणि मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी एका वापरकर्तीने विचारलं की मुलाखतीचं पत्र आलं नाही, ते कुठे अडकलं असेल. लॉगमध्ये ते सापडलं, माझ्याच ओळीने नाकारलेलं. तेव्हापासून २४ हून मोठी रेंज घालण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या लॉगमध्ये त्या रेंजमधून एक तरी चांगली मेल आली होती का, हे शोधल्याशिवाय मी ती ओळ लिहीत नाही.

आयपीव्ही६ मध्ये एकेक पत्ता अडवण्यात अर्थ नाही. एका ग्राहकाला सहसा कमीत कमी ६४ चा (पत्त्याचे पहिले ६४ बिट सारखे असलेला) पूर्ण पट्टा मिळतो, तोच एकक धरा.

७. स्पॅमहाउससारख्या सार्वजनिक ब्लॉकलिस्टवर विसंबावं का?

हो, एखाद्या चांगल्या यादीवर जरूर. एकटा माणूस कधीच पाहू शकणार नाही इतकं त्या याद्या पाहतात. ही पद्धत जुनी आहे: पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी पहिली यादी चालू केली, तर १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउसची स्थापना केली. स्पॅमहाउसच्या झेन यादीत तिच्या अनेक आयपी याद्या एकत्र मिळतात: ओळखीचे स्पॅमर, ताबा गेलेली यंत्रं, आणि थेट मेल पाठवणं अपेक्षित नसलेले घरगुती पत्ते.

शेवटच्या प्रकारामुळे एक घोटाळा नेहमी होतो. तुमचा माणूस घरून लॉगिन करून मेल पाठवतो, त्याची आयपी घरगुती यादीत असते आणि तुमचाच सर्व्हर त्याला हाकलतो. लॉगिन केलेल्यांना परवानगी देणारी ओळ ब्लॉकलिस्टच्या तपासणीआधी ठेवा आणि आपल्या माणसांनी लॉगिन करून मेल पाठवायच्या ५८७ पोर्टवर ही तपासणी लावूच नका.

दहा-बारा याद्या एकदम लावण्याचा मोह टाळा. प्रत्येक यादीबरोबर तिच्या चुकाही तुमच्या होतात. जास्त याद्या हव्याच असतील तर त्यांना नकाराचा अधिकार देऊ नका, फक्त गुण द्या.

८. ब्लॉकलिस्ट लावली आणि आता प्रत्येक मेल नाकारली जातेय! तातडीने सांगा.

आधी ती ओळ बंद करा, मग पुढचं वाचा.

ब्लॉकलिस्टला प्रश्न डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) जातात, आणि बहुधा तुमचा सर्व्हर त्यासाठी ८.८.८.८ सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं आणून देणारा सर्व्हर) वापरतोय. स्पॅमहाउस अशा रिझॉल्व्हरकडून आलेल्या प्रश्नांना १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ ‘तुम्ही चुकीच्या मार्गाने विचारताय’ असा आहे, पण कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं धरलं तर सगळं जगच यादीत जातं. सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, अनबाउंड पुरतो. शिवाय नेमक्या कोणत्या उत्तरांवर नाकारायचं ते सेटिंगमध्ये स्पष्ट लिहा.

दुसरी शक्यता म्हणजे यादीच बंद पडलेली असणं. सॉर्ब्स ही अनेक वर्षं वापरात असलेली यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, आणि तिचं नाव अजूनही जुन्या सेटिंगांत पडून आहे. बंद झालेल्या यादीचं डोमेन पुढे सगळ्यांना ‘हो’ म्हणू लागलं तर हेच घडतं. तपासण्याची सोय आहे: आयपीव्ही४ च्या जित्या यादीत १२७.०.०.२ नेहमी सापडायला हवा आणि १२७.०.०.१ कधीच सापडायला नको. दर महिन्याला हे आपोआप तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावून ठेवा.

९. ग्रेलिस्टिंग अजून चालतं का?

चालतं, पण पूर्वीइतकं नाही. अनोळखी पाठवणाऱ्याला आधी ४५० सांगून ‘थोड्या वेळाने ये’ म्हणायचं. खरा सर्व्हर परत येतो, घाईचं यंत्र येत नाही. त्याची किंमत अशी की एकदाच वापरायचे पासवर्ड उशिरा येतात आणि वापरकर्ते तुमच्यावर चिडतात, तेही रास्तपणे. मोठ्या सेवा दुसऱ्या प्रयत्नाला वेगळ्या आयपीवरून येतात, तेव्हा वाट आणखी लांबते.

त्यापेक्षा पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचा दारातला पहारेकरी वापरा. तो नव्या पाहुण्यासमोर सहा सेकंद थांबतो. आपली पाळी येण्याआधीच जो बोलू लागतो तो यंत्र आहे हे तिथेच उघड होतं, आणि खऱ्या मेलला सहा सेकंदांनी काही बिघडत नाही. मात्र त्याच्या ‘पुढच्या’ (स्वागतानंतरच्या) तपासण्या चालू केल्यात तर ग्रेलिस्टिंगसारखाच उशीर होतो. त्या मूळ सेटिंगमध्ये बंद असतात, तशाच राहू द्या.

१०. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास आहे, मग हा स्पॅम कसा?

एसपीएफ म्हणजे डोमेनने जाहीर केलेली परवानगीच्या सर्व्हरांची यादी, डीकेआयएम म्हणजे डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे ती जुळली नाहीत तर काय करायचं याची सूचना. या तिन्हींतून ‘हा खरंच तोच आहे का’ एवढंच कळतं. तो चांगला आहे का, हे त्यांना विचारलेलंच नाही. स्पॅम पाठवणाराही डोमेन घेतो आणि तिन्ही नोंदी नीट करतो. ‘पास’ला वाढीव गुण देत असाल तर ते काढून टाका.

पास झालेली सही तुमच्या कामाचीच आहे. आता पाठवणारा सिद्ध झालाय, त्यामुळे सहीतलं डोमेन बिनधास्त अडवता येतं. कोणा तिसऱ्याच्या नावाने दंड होण्याची भीती उरत नाही. हे काम गुणांवर चालणाऱ्या फिल्टरमध्ये करा. आरस्पॅमडीच्या मूळ सेटिंगमध्ये ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमची खूण आणि १५ ला नकार असतो, म्हणजे एका डोमेनला १५ हून जास्त गुण दिले की झालं. स्पॅमअसॅसिन हे दुसरं फिल्टर ५ गुणांना मेल स्पॅम मानतं. त्याचा शिकणारा भाग किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल दाखवल्याशिवाय मत देतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ‘शिकवलं तरी शिकत नाही’ अशी तक्रार येते.

११. मोठ्या फुकट मेल सेवेवरून किंवा नामांकित न्यूजलेटर सेवेवरून स्पॅम येतो. त्यांची आयपी बंद करता येईल?

नको. त्या आयपीवरून हजारो निरपराध लोक मेल पाठवतात. फुकट सेवेच्या बाबतीत पूर्ण पत्ता अडवा. तिथे लिफाफा आणि फ्रॉम सहसा जुळतात आणि नवं खातं काढायला पाठवणाऱ्याला काही कष्ट पडतात. न्यूजलेटर सेवेच्या बाबतीत ग्राहकाचा क्रमांक शोधा: तो ‘लिस्ट-आयडी’मध्ये, लिफाफ्यावरच्या पत्त्यात किंवा त्या सेवेच्या खास हेडरमध्ये असतो. तोच अडवा आणि त्या सेवेकडे तक्रारही करा (प्रश्न १७).

१२. ‘अनसबस्क्राइब’ दाबावं का? दाबलं की जास्त स्पॅम येतो म्हणतात.

नाव ओळखीचं असेल, कधी काही विकत घेतलं किंवा नोंदणी केली असेल, तर दाबा. तो स्पॅमपेक्षा कंटाळवाणा पत्रव्यवहार असतो आणि तो बंद करायचा हाच सरळ रस्ता आहे. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना एका क्लिकची सोय सक्तीची केली आहे, जीमेलच्या हिशोबाने दिवसाला ५,००० मेल पाठवणारा घाऊक. पाठवणारा पूर्ण अनोळखी असेल तर दाबू नका. पत्ता जिवंत आहे एवढंच त्याला कळेल.

१३. माझ्याच पत्त्यावरून मला धमकीची मेल आली, ‘तुझं खातं हॅक केलंय’. खरंच?

बहुतेक वेळा नाही, फ्रॉममध्ये कोणीही काहीही लिहू शकतो (प्रश्न १). खात्री करायला तुमच्या सर्व्हरची ‘रिसीव्ह्ड’ ओळ बघा. मेल बाहेरच्या आयपीवरून लॉगिनशिवाय आली असेल तर नुसती बतावणी आहे. लॉगिन करून आली असेल तर पासवर्ड आत्ताच बदला आणि रांगेत काय साठलंय ते पाहा.

अडवायचं असेल तर आपल्या डोमेनची डीमार्क नोंद ‘रिजेक्ट’वर न्या आणि आपला सर्व्हर ती पाळतो हेही पाहा. पुष्कळ जण जगाला सांगतात आणि स्वतः पाळत नाहीत. आधी मात्र आपल्या नावाने पाठवणाऱ्या बाहेरच्या सगळ्या सेवा शोधा: बिलं, पगारपत्रकं, स्कॅनर. त्यांच्या सह्या नीट नसतील तर पहिल्याच दिवशी त्या बंद पडतील.

१४. मी न पाठवलेल्या शेकडो मेल ‘पोचली नाही’ म्हणून परत येताहेत. त्यांचा पाठवणारा रिकामा दिसतो. रिकामा पाठवणाराच ब्लॉक केला तर?

करू नका. परत येणारी प्रत्येक सूचना रिकाम्या लिफाफ्याने येते, आणि ती स्वीकारणं आरएफसी ५३२१ या एसएमटीपीच्या मानकाप्रमाणे बंधनकारक आहे. ब्लॉक केलंत तर तुमच्या माणसांनी पत्ता चुकवला तरी त्यांना कधीच कळणार नाही.

कोणीतरी तुमचा पत्ता लिफाफ्यावर घातलाय आणि प्रश्न ४ मधली चूक करणारे सर्व्हर ती घाण तुमच्याकडे लोटताहेत. मेल सोडताना लिफाफ्यावरच्या पत्त्याला सही जोडणारी बाटव्ह पद्धत वापरली तर सही नसलेल्या सूचना सहज नाकारता येतात. ते जमत नसेल तर लाट ओसरेपर्यंत त्या सूचना त्या एका पत्त्यापुरत्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. अशा लाटा सहसा काही दिवसांत सरतात.

१५. सर्व्हरवर ब्लॉक आहे, तरी त्याच पाठवणाऱ्याची मेल आत येते. लॉगमध्ये आयपी आमच्याच दुसऱ्या सर्व्हरची दिसते.

तो तुमचा बॅकअप एमएक्स, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा राखीव सर्व्हर आहे. स्पॅम पाठवणारे मुद्दाम कमी प्राधान्याच्या एमएक्सवर जातात, कारण तिथले नियम ढिले असतात हे त्यांना ठाऊक आहे. त्याच्यावर तेच नियम आणि वैध पत्त्यांची तीच यादी ठेवा. जमत नसेल तर बॅकअप काढून टाका. मुख्य सर्व्हर काही तास बंद राहिला तरी जग रांगेत थांबतं.

बॅकअपवरून आलेला स्पॅम मुख्य सर्व्हरवर नाकारणं हा उपाय नव्हे: बॅकअपने मेल आधीच ताब्यात घेतलेली असते, त्यामुळे तो ती निरपराध पत्त्याकडे परत पाठवेल. दुसऱ्या खात्यातून फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मेलचंही तेच. तिथे नाकारू नका, स्पॅम फोल्डरमध्ये टाका.

१६. एका चांगल्या पाठवणाऱ्याला सूट द्यायची आहे. यादीत ‘ओके’ लिहिलं की झालं?

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे. जुन्या पद्धतीच्या सेटिंगमध्ये ही यादी रिसिपियंट रिस्ट्रिक्शन्समध्ये (घेणाऱ्याच्या पत्त्यावेळी लागणारे नियम), परक्या डोमेनला नकार देणाऱ्या ओळीच्या आधी असेल, तर ‘ओके’ म्हणजे त्या पाठवणाऱ्याला तुमच्या सर्व्हरवरून जगात कुठेही मेल पाठवायची मुभा. लिफाफ्यावरचा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो, म्हणजे ती मुभा सगळ्यांनाच मिळाली. पोस्टफिक्स २.१० पासून रिलेचे, म्हणजे परक्या डोमेनकडे मेल पुढे पाठवण्याचे, नियम वेगळ्या यादीत आले ते याच कारणासाठी. ते तिथेच ठेवा, आणि सूट शक्यतो पत्त्याला न देता आयपीला किंवा पास झालेल्या डीकेआयएम डोमेनला द्या.

एकाच वापरकर्त्याला मेल नको आणि बाकीच्यांना हवी असेल तर सर्व्हरच्या यादीला हातच लावू नका. त्या वापरकर्त्याच्या सिव्ह नियमांत (ज्याच्या त्याच्या मेलपेटीपुरते नियम) ते काम होतं.

१७. तक्रार कोणाकडे करायची? उपयोग होतो का?

जोडणी करणाऱ्या आयपीच्या मालकाकडे. हूइजमध्ये ‘अब्यूज’साठी दिलेला पत्ता असतो, त्यावर पूर्ण हेडरसकट मेल पाठवा. फ्रॉममधल्या डोमेनकडे लिहू नका, ते बहुधा दुसऱ्याचंच असतं. प्रतिष्ठित सेवा खाती बंद करतात, काही नेटवर्कं उत्तरही देत नाहीत. आणि तुमचे स्वतःचे ‘पोस्टमास्टर’ व ‘अब्यूज’ पत्ते सगळ्या ब्लॉकमधून मोकळे ठेवा. अनेक सर्व्हर तक्रार आलेली मेल स्पॅम म्हणून फेकतात, आणि मग आपल्याच ताबा गेलेल्या खात्याची बातमी आठवडाभर कोणी वाचत नाही.

१८. ब्लॉक किती दिवस ठेवायचा?

आयपीचा तीन महिने, डोमेनचा वर्षभर, असं मी करतो. आयपी हात बदलतात. आजचा स्पॅमर गेल्यावर ती जागा उद्या एखाद्या शाळेला मिळते. यादीत प्रत्येक ओळीच्या वर तारीख, कारण आणि लॉगमधली एक ओळ टिपणी म्हणून लिहा. टिपणी नसलेली ओळ दोन वर्षांनी काढायचं धाडस कोणालाच होत नाही.

नवा नियम घालताना पोस्टफिक्सचं ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ त्याच्या आधी लावा. आठवडाभर मेल आत येत राहते आणि काय नाकारलं गेलं असतं ते फक्त लॉगमध्ये उमटतं. त्या ओळी रोज सकाळी वाचा. आठवड्यात एकही खरी मेल त्यात दिसली नाही की तो शब्द काढून टाका.